आधी दिशा, मग कॅमेरा: मराठवाड्यातल्या शहरांत वास्तू, पुतळे आणि रस्ते टिपण्याचा क्रम

मराठवाडा फिरून आलेल्यांचे फोटो पाहिले की त्याच त्या चुका दिसतात. बीबी का मकबऱ्याचे मिनार आत कललेले. वेरूळच्या कैलास लेण्याचा दर्शनी भाग काळपट आणि वर पांढरंफटक आभाळ. पुतळ्याच्या डोक्यातून विजेचा खांब उगवलेला. बाजारातल्या माणसांच्या नुसत्या पाठी. कॅमेरा बहुतेकांचा चांगलाच असतो, हल्लीचे मोबाइलही उत्तम असतात. चुकतो तो क्रम. लोक आधी गाडी ठरवतात, मग मुक्काम, मग अंतर बघून ठिकाणं ओळीने लावतात. ऊन कुठल्या बाजूला पडेल हे जागेवर पोचल्यावर कळतं, आणि तेव्हा करण्यासारखं काही उरलेलं नसतं.

खालचे टप्पे याच क्रमाने घ्या. पहिल्या तीन टप्प्यांत एकही फोटो काढायचा नाही, तरी ते गाळू नका.

## टप्पा १: वास्तूचं तोंड कुठे आहे ते घरीच बघा

मोबाइलच्या नकाशावर उपग्रहाचं चित्र उघडा. उत्तर वर असते. वास्तूचं प्रवेशद्वार कुठल्या बाजूला आहे ते वहीत लिहा: पूर्व, पश्चिम, दक्षिण, उत्तर. एका ठिकाणाला मिनिटभर पुरतं, आणि सगळी सहल या नोंदीवर ठरते.

छत्रपती संभाजीनगरचंच बघू. वेरूळची लेणी डोंगराच्या पश्चिमेकडच्या कड्यात कोरलेली आहेत. सकाळी सूर्य डोंगरामागे असतो, म्हणून सोळाव्या लेण्याचं, म्हणजे कैलासाचं तोंड सावलीत राहतं. तिथे ऊन येतं दुपारनंतर. तरीही बहुतेक जण 'सकाळी वेरूळ, येताना दौलताबाद, संध्याकाळी मकबरा' असा बेत करतात. फोटोंसाठी हा बेत उलटा करा. सकाळी मकबरा, मग वाटेत दौलताबाद, आणि अडीच-तीनपर्यंत वेरूळ. दौलताबादच्या वाट्याला भर दुपार येते खरी, पण हिवाळ्यात ती सोसवते, आणि तिथल्या अंधेरीत, म्हणजे किल्ल्याच्या काळोख्या भुयारी वाटेत, बाहेरच्या उन्हाचा तसाही काही संबंध नाही.

बीबी का मकबऱ्याचं प्रवेशद्वार दक्षिणेला आहे. तुम्ही बागेतून उत्तरेकडे बघत चालता आणि समोर इमारतीची दक्षिण बाजू असते. इथे महिना फार महत्त्वाचा ठरतो. हिवाळ्यात सूर्य आग्नेयेला उगवून नैर्ऋत्येला मावळतो, त्यामुळे ही बाजू दिवसभर उन्हात असते. डिसेंबरात भर बारालाही सूर्य आपल्याकडे जेमतेम ४७ अंश वर येतो, म्हणजे दुपारचं ऊनसुद्धा तिरपं आणि वापरण्याजोगं. जूनमध्ये सगळं उलटतं. सूर्य पूर्वेच्या सुमारे २५ अंश उत्तरेला उगवतो आणि सकाळ-संध्याकाळच्या सोनेरी वेळी दक्षिण बाजू सावलीत असते. उन्हाळ्यात मकबऱ्याला गेलात तर सकाळी त्याची पूर्व बाजू टिपा आणि समोरून फोटो काढायचा हट्ट सोडा. समोरचा फोटो हवाच असेल तर नोव्हेंबर ते जानेवारीत या.

मे महिन्यात मराठवाड्यात शून्य सावलीचे दिवस येतात. सूर्य नेमका डोक्यावर असतो आणि प्रत्येक छज्ज्याची सावली भिंतीवर सरळ खाली लोंबते. त्या दिवसांत अकरा ते चार वास्तूचा फोटो काढायचाच नाही. याला अपवाद बारवांचा. बारव म्हणजे जमिनीत उतरलेली वास्तू, तिच्या तळापर्यंत ऊन पोचतं ते फक्त दुपारी. चारठाण्यासारख्या ठिकाणी देवळं सकाळी करा आणि बारव बारा-साडेबारासाठी राखून ठेवा.

देवळांच्या भिंतींचाही असाच हिशेब आहे. दक्षिणेची भिंत हिवाळ्यात दिवसभर उजळते. उत्तरेच्या भिंतीवर ऊन येतं ते मार्चअखेर ते सप्टेंबर या काळात, तेही मुख्यतः सकाळी लवकर आणि संध्याकाळी उशिरा. अमुक शिल्पावर ऊनच येत नाही, अशी तक्रार असेल तर ते उत्तरेच्या भिंतीवर आहे का आणि तुम्ही हिवाळ्यात गेला होता का, हे आधी बघा.

संभाजीनगरच्या जुन्या दरवाजांचं काम सोपं आहे. दिल्ली दरवाजा उत्तरेला, पैठण दरवाजा दक्षिणेला, मक्का दरवाजा पश्चिमेला. ज्या गावाची वाट, त्या दिशेला दरवाजाची बाहेरची बाजू. म्हणजे दिल्ली दरवाजाच्या बाहेरच्या बाजूला हिवाळ्यात ऊन मिळत नाही आणि मक्का दरवाजा खाम नदीच्या बाजूने संध्याकाळीच चांगला दिसतो.

तपासा: वहीत प्रत्येक ठिकाणापुढे दिशा आणि जाण्याची वेळ लिहिली आहे ना? नसेल तर गाडीवाल्याला अजून फोन करू नका.

## टप्पा २: सुट्ट्या, परवानग्या, पाट्या

वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी बंद. दरवर्षी शेकडो मैलांवरून आलेली माणसं फाटकावरून परत जातात, म्हणून हे आधी सांगतो.

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या स्मारकांत स्वतःसाठी साधे फोटो काढता येतात. ट्रायपॉड लावायला, ड्रोन उडवायला, लग्नाआधीचं चित्रीकरण किंवा जाहिरातीचं काम करायला आधी लेखी परवानगी लागते. रखवालदाराशी हुज्जत घालून काही मिळत नाही. ट्रायपॉड गाडीतच ठेवा, त्याशिवाय कसं भागवायचं ते पाचव्या टप्प्यात आहे. अजिंठ्याच्या चित्रांसमोर फ्लॅश चालत नाही. मोबाइलचा फ्लॅश 'ऑटो'वर असेल तर अंधारात तो आपोआप उडतो, म्हणून फाटकाबाहेरच बंद करून आत जा.

चालू देवस्थानांत गाभाऱ्याचा फोटो काढायचा नाही, हे धरूनच चला. तुळजापूर असो की औंढा नागनाथ, आत शिरण्यापूर्वी पाटी वाचा, पाटी नसेल तर पुजाऱ्यांना विचारा. औंढ्याला बाहेरच्या भिंतीच इतक्या भरलेल्या आहेत की आतल्या फोटोची हळहळ वाटू नये. नांदेडला सचखंड हजूर साहिबच्या परिसरात डोकं झाकायचं, चपला बाहेर ठेवायच्या आणि कॅमेरा काढण्यापूर्वी सेवेकऱ्यांना विचारायचं. दर्ग्यांमध्येही हाच शिरस्ता.

सार्वजनिक जागी कायम उभ्या असलेल्या पुतळ्याचा फोटो काढणं आणि प्रसिद्ध करणं यात स्वामित्वहक्काचा भंग होत नाही. १९५७ च्या कायद्याच्या ५२ व्या कलमात तशी मुभा आहे. वास्तूंनाही ती लागू आहे. पण छावणीचा लष्करी भाग, विमानतळ, धरणाच्या भिंती अशा जागी 'छायाचित्रणास मनाई' अशी पाटी असते आणि तिथे ही मुभा कामाची नाही. संभाजीनगरहून वेरूळला जाताना रस्ता छावणीजवळूनच जातो, तेवढ्या वेळात गाडीच्या खिडकीतून कॅमेरा बाहेर काढू नका.

## टप्पा ३: सामान, आणि धुळीचा बंदोबस्त

सामान कमी घ्या. मोबाइल असेल तर मोबाइल, भरलेली पॉवर बँक, चष्म्याचं मऊ फडकं. कॅमेरा असेल तर एक रुंद आणि एक लांबचं टिपणारी लेन्स, दोन बॅटऱ्या, दोन कार्डं. शिवाय एक पांढरा पंचा, त्याचं काम सहाव्या टप्प्यात येईल.

मराठवाड्याची धूळ बारीक असते. रस्त्यात लेन्स बदलली की ती आत जाते आणि मग प्रत्येक फोटोच्या आभाळात काळे ठिपके दिसतात. लेन्स गाडीत किंवा खोलीत बदला आणि दिवसभर तीच ठेवा. धूळ बसलीच तर आधी फुंकणीने उडवा, मग पुसा. थेट शर्टाने पुसली तर काचेवर ओरखडे पडतात.

उन्हाळ्यात मोबाइल तापतो. तापला की पडदा मंद होतो, कधी कॅमेरा बंदच पडतो. त्याला काळ्या कव्हरातून काढा, खिशाऐवजी पिशवीत ठेवा, बंद गाडीत कधीच ठेवू नका. पावसाळ्यात थंड वातानुकूलित गाडीतून उतरलात की लेन्सवर बाष्प धरतं. दहा मिनिटं पिशवीतच राहू द्या, ते आपोआप जातं.

तपासा: मोबाइलची मागची काच बोटाने तेलकट झालेली असते. धूसर आणि दिव्यांभोवती तेजोवलय आलेल्या फोटोंचं कारण बहुतेक वेळा तेच. सकाळी निघताना पुसा, जेवणानंतर पुन्हा पुसा.

## टप्पा ४: पोचल्यावर आधी एक फेरी

तिकीट काढलं की लगेच फोटो काढायला लागू नका. वास्तूभोवती किंवा पुतळ्याभोवती एक पूर्ण फेरी मारा, कॅमेरा बंद ठेवून. चालताना चार गोष्टी बघा: ऊन कुठल्या अंगावर आहे, तारा आणि खांब कुठे आडवे येतात, मागे फ्लेक्स आहे का, आणि मोकळी जमीन कुठे मिळते. फेरीत एखादी जागा आवडली तर तिथे काय करायचं ते मनात ठरवा आणि पुढे जा.

ही फेरी टाळणाऱ्यांचे फोटो मी दुरूनही ओळखू शकतो. ते सगळे फाटकातून आत आल्यावर पहिल्या दहा पावलांत काढलेले असतात.

## टप्पा ५: वास्तू

उभ्या रेषा उभ्या ठेवा. कॅमेरा वर कलवला की इमारत मागे पडल्यासारखी दिसते आणि मिनार आत झुकतात. उपाय असा: मोबाइलच्या पडद्यावर जाळीच्या रेषा सुरू करा आणि मोबाइल भिंतीसारखा सरळ धरा. इमारतीचा माथा चौकटीत मावत नसेल तर वर बघू नका, मागे जा. मागे गेल्यावर खाली रिकामी जमीन जास्त येईल, ती नंतर कापता येते. मकबऱ्यात बाग लांबलचक आहे, मागे जायला भरपूर जागा मिळते. जुन्या शहरातल्या दरवाजांपाशी तशी जागा नसते. तिथे समोरच्या दुकानदाराला विचारून पहिल्या मजल्यावर जा. दरवाजाच्या निम्म्या उंचीवरून काढलेल्या फोटोत रेषा जवळजवळ आपोआप सरळ येतात. भडकल दरवाजापाशी, जो मलिक अंबरने १६१२ मध्ये बांधला, खालून वर बघून काढलेल्या शंभर फोटोंपेक्षा असा एक जास्त सांगतो.

मुद्दाम वर बघायचं असेल तर पूर्ण वर बघा, छताच्या मधोमध. अर्धवट कल सगळ्यात वाईट.

मोबाइलच्या ०.५एक्स, म्हणजे सगळ्यात रुंद लेन्सचा मोह आवरा. तिच्यात कडेचे मिनार ताणले जातात आणि घुमट बारका होतो. शक्य तिथे १एक्स किंवा २एक्स वापरा आणि पायांनी मागे-पुढे व्हा.

मध्यरेषा. मकबऱ्याला प्रवेशद्वारापासून पाण्याचा पाट आणि कारंज्यांची ओळ थेट चौथऱ्याकडे जाते. समोरून फोटो काढायचा तर त्या ओळीच्या नेमक्या मधोमध उभं राहा. अर्धं पाऊल बाजूला असलात तरी ते दिसतं. डावीकडचे दोन मिनार आणि उजवीकडचे दोन मिनार यांच्यातली फट सारखी दिसेपर्यंत सरका. पाटात पाणी असेल तर प्रतिबिंबासाठी गुडघ्यावर बसा.

उजेड कुलूपबंद करा. मकबऱ्याचा घुमट संगमरवरी आहे, खालच्या भिंतींवरही संगमरवर थोड्याच उंचीपर्यंत चढतो. मधला सगळा भाग म्हणजे बेसाल्ट दगड आणि त्यावर चुन्याचा गिलावा. म्हणजे एकाच इमारतीत दोन वेगळे पांढरे रंग आहेत. कॅमेरा 'ऑटो'वर राहिला तर एका फोटोत ती पिवळट आणि दुसऱ्यात निळसर येते. व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढऱ्याची छटा ठरवणारी सोय, 'डेलाइट'वर ठेवा. मग घुमटावर बोट दाबून धरा, म्हणजे उजेड कुलूपबंद होईल, आणि सूर्याची खूण सरकवून घुमटावरच्या रेघा दिसतील इतका उजेड ठेवा. घुमट एकदा सपाट पांढरा झाला की नंतर काहीही केलं तरी त्याचे तपशील परत येत नाहीत.

काळ्या दगडाचं गणित उलटं. दौलताबादचा तट, नळदुर्गचा बुरूज किंवा लेण्याची भिंत चौकटभर असेल तर कॅमेरा काळ्याला राखाडी करायला बघतो. उजेड अर्धा ते एक पायरी (स्टॉप) उतरवा, दगड दगडासारखा दिसेल.

मकबऱ्याच्या प्रवेशद्वाराचा पितळी पत्रा मढवलेला दरवाजा बहुतेक जण न बघता ओलांडतात. तिथे थांबा. पत्र्यावर वेलबुट्टी आहे आणि ती समोरून दिसत नाही, कारण पितळेत तुमचंच आणि मागच्या उजेडाचं प्रतिबिंब पडतं. दरवाजाच्या एका कडेला, जवळजवळ खांदा टेकेल इतके जा आणि पत्र्याच्या लांबीने बघा. पानांची उठावदार कड उजळते, खळगे काळे पडतात. २एक्सवर काढा, वाट अडवू नका.

अंधारातल्या जागा. ट्रायपॉड नाही, मग खांब वापरा. पाठ किंवा खांदा खांबाला टेका, कोपरं छातीशी घ्या, श्वास अर्धा सोडून बटण दाबा. कॅमेऱ्याला शटर (उजेड आत येण्याचा वेळ) १/३० सेकंद आणि आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) ३२०० पर्यंत चालेल. लागोपाठ पाच-सहा फोटो घ्या, त्यातला एखादा हमखास न हललेला निघतो. मोबाइलचा रात्रीचा मोड असेल तर तोही टेकूनच वापरा.

तपासा: फोटो मोठा करून कडेचा मिनार किंवा खांब बघा. तो चौकटीच्या कडेला समांतर आहे का? नसेल तर तिथल्या तिथे पुन्हा काढा.

## टप्पा ६: शिल्पं आणि पुतळे

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा थांबून सांगतो.

कोरीव शिल्पाला ऊन बाजूने हवं. समोरून ऊन पडलं की उठाव नाहीसा होतो आणि सुरसुंदरी, म्हणजे देवळाच्या भिंतीवरची स्त्रीमूर्ती, भिंतीत मिसळून जाते. भिंतीला घासत येणारं ऊन हवं. निलंग्याचं नीलकंठेश्वर, धर्मापुरीचं केदारेश्वर, होट्टलचं सिद्धेश्वर या देवळांच्या भिंती तारकाकृती किंवा खाचाखाचांच्या असतात. त्यामुळे एका क्षणी एका कोनावर तिरपं ऊन आणि शेजारच्या कोनावर सावली असते. दहा मिनिटांत ते पुढे सरकतं. एकाच शिल्पापुढे ताटकळण्यापेक्षा उन्हाबरोबर भिंतीभोवती फिरत राहा. सकाळी साडेआठ ते दहा ही वेळ हिवाळ्यात फार चांगली.

आता पंचा. सुरसुंदरीच्या वर छज्जा किंवा शिल्पपट्टी पुढे आलेली असते आणि तिची सावली नेमकी चेहऱ्यावर पडते. डोळे दिसत नाहीत, हनुवटीखाली काळोख होतो. सोबत्याला पंचा ताणून गुडघ्याएवढ्या उंचीवर, उन्हाकडे तोंड करून धरायला सांगा. पांढऱ्या कापडावरचं ऊन वर उसळतं आणि चेहऱ्यावर मऊ उजेड येतो. पंचा दोन वीत वर-खाली करून बघा, डोळ्यांची पापणी उलगडते ती जागा लगेच कळते. मूर्तीला कापडाचा स्पर्श होऊ देऊ नका.

> सावध: शिलालेख किंवा झिजलेली रेषा उठून दिसावी म्हणून खडू घासणं, पाणी ओतणं, तेल लावणं हे काही जण अजून करतात. याने दगडाचं नुकसान होतं, आणि संरक्षित स्मारकात तो गुन्हा आहे. परवानगी असेल तर बॅटरीचा उजेड अगदी बाजूने पाडा, अक्षरं वर येतात.

ढगाळ दिवशी झिजलेलं कोरीवकाम सपाट येतं, त्याचा नाद सोडा. चौकातले ब्राँझचे पुतळे मात्र अशाच दिवशी करा, चकाकी मरते आणि चेहरा नीट दिसतो.

चौकातले पुतळे. उंच चौथऱ्यावरचा पुतळा जवळून काढला की महाराजांची हनुवटी आणि घोड्याचं पोट एवढंच येतं. नियम ठेवा: चौथऱ्यासकट पुतळा जितका उंच, त्याच्या किमान तिप्पट मागे जायचं आणि मग लांबची लेन्स किंवा २एक्स-३एक्स वापरायचं. संभाजीनगरच्या क्रांती चौकात हे पदपथावरून जमतं. उड्डाणपुलावर गाडी थांबवून फोटो काढू नका, दरवेळी कोणीतरी हे करतंच.

चेहऱ्यावर ऊन कधी येतं हे पुतळ्याच्या तोंडाच्या दिशेवर ठरतं. टप्पा १ मधली नोंद इथेही लागते. फेरी मारताना चेहऱ्याच्या थेट समोर न थांबता डावी-उजवीकडे साधारण ४५ अंशांवर उभं राहून बघा. नाकाची सावली गालावर छोटी पडते तिथे चेहऱ्याला ठाशीवपणा येतो. अश्वारूढ पुतळ्यात घोड्याचे चारही पाय सुटे दिसतील अशी जागा शोधा. दोन पाय एकमेकांत मिसळले तर घोडा तीन पायांचा वाटतो.

मागे उजळ आभाळ असलं की गडद पुतळा काळा ठिक्कर येतो. उजेड एक ते दीड पायरी वाढवा. आभाळ पांढरं पडेल, पडू द्या. चेहरा महत्त्वाचा. दोन्ही हवं असेल तर सूर्य पाठीशी असताना परत या.

मग मागचा कचरा: खांब, तारा, मोबाइलचे मनोरे. एक पाऊल बाजूला गेलात तर खांब डोक्यामागून खांद्यामागे जातो, दोन पावलांत पुतळ्याआड लपतो. तारा मात्र हटत नाहीत. त्या पुतळ्याच्या चेहऱ्यावरून जाणार नाहीत एवढंच बघा.

१९ फेब्रुवारी आणि १४ एप्रिलच्या आधी-नंतर चौकांत फ्लेक्स असतात. नुसता पुतळा हवा असेल तर ते दिवस टाळा. उत्सव हवा असेल तर तेच दिवस साधा. भडकल दरवाजापाशी बाबासाहेबांच्या पुतळ्याला हार घालायला १४ एप्रिलला जी रीघ लागते, तिथे पुतळ्यापेक्षा वर गेलेले हात आणि चेहरे टिपा. चौथऱ्यावर चढू नका, चढायला कोणी बोलावलं तर चपला खाली काढा.

तपासा: डोळे दिसतात का? डोक्याला काही चिकटलंय का? हात, तलवार, पुस्तक, टाचा कापल्या गेल्यात का?

## टप्पा ७: रस्ता आणि माणसं

रस्त्यावर बहुतेक जण माणसांच्या मागे धावतात, म्हणून पाठी येतात. त्याऐवजी जागा निवडा आणि थांबा. आधी चांगली पार्श्वभूमी शोधा: कमान, निळी भिंत, सावलीतून उन्हात येणारी गल्ली. चौकट ठरवा, उजेड कुलूपबंद करा आणि माणसं तिच्यात येऊ द्या. पंधरा-वीस मिनिटांनी लोकांना तुमची सवय होते.

लातूरची गंजगोलाई यासाठी मला सगळ्यात आवडते. १९१७ मधली ही गोल बाजारपेठ, मध्यभागी देवीचं मंदिर आणि तिला मिळणारे १६ रस्ते. सकाळ-संध्याकाळी सूर्य खाली असताना त्यातल्या एखाद्या रस्त्याच्या टोकाशी तो असतोच, आणि त्याला आडव्या रस्त्यावर ऊन बाजूने येतं. सूर्य टोकाशी असलेल्या रस्त्यावर धूळ, वाफ, मिरच्यांच्या पोत्यांवरचा भुकटा उजळतो, माणसांच्या कडा चमकतात. आडव्या रस्त्यावर चेहरे नीट मिळतात. आधी गोलाईला एक चक्कर मारा, मग दोन रस्ते निवडा. सगळे सोळा करायला गेलात तर एकही होत नाही.

संभाजीनगरात सिटी चौक, शहागंज, गुलमंडी यांचा एक फेरफटका सकाळी दुकानं उघडताना करा आणि एक दिवे लागताना. दुपारी उन्हाच्या वेळी गल्लीत छपरांच्या सावल्यांचे कापे पडतात, फोटो अर्धा जळतो, अर्धा बुडतो.

आकडे लागतातच म्हणून सांगतो. चालणाऱ्या माणसाला शटर १/२५०, रिक्षा-दुचाकीला १/५००, बसलेल्या दुकानदाराला १/१२५. लेन्सचं छिद्र एफ/८ (आकडा लहान तितकं छिद्र मोठं), अंधार पडल्यावर एफ/२.८ किंवा जे मोठं असेल ते. आयएसओ ऑटो, कमाल ३२००.

विचारायचं कसं. एका माणसाचा चेहरा स्पष्ट येणार असेल तर विचारा. गर्दीच्या चित्राला गरज नाही. 'मामा, काम चालू द्या, असाच एक फोटो काढू का?' एवढं पुरतं. शहागंजला 'चाचा, एक फोटो निकालूँ क्या?' म्हटलं की अर्धं काम होतं. पहिला फोटो माणूस ताठ उभा राहून देतो, तो घ्याच, तो त्याचा आहे. मग दोन गोष्टी बोला, हातातलं काम पुन्हा सुरू होऊ द्या, आणि दुसरा, तिसरा घ्या. तंदूरवाल्याचे हात आत जाऊन नान घेऊन बाहेर येतात तेव्हा चेहरा आगीने उजळतो, ती वेळ येईपर्यंत चार नान जाऊ द्या.

'नको' म्हटलं की थांबायचं, पुन्हा विनवायचं नाही. काढलेला फोटो पुसा म्हटलं तर त्यांच्यासमोर पुसा. लहान मुलांचा फोटो आई-वडिलांना विचारल्याशिवाय नाही. अंत्ययात्रा, दवाखान्याचं दार, भीक मागणारी माणसं, नदीवर आंघोळ करणाऱ्या बायका यांच्यावर कॅमेरा रोखू नका. आणि फोटो पाठवतो म्हणालात तर पाठवाच. नंबर लिहून घेऊन न पाठवणाऱ्यांमुळे पुढच्या माणसाला दारं बंद होतात.

> सावध: मिरवणुकीत वातावरण तापतंय असं वाटलं तर कॅमेरा पिशवीत घाला आणि बाजूला व्हा. पोलिसांनी हटवलं तर वाद घालू नका.

## टप्पा ८: दिवे लागल्यावर

सूर्य मावळल्यावर आभाळ निळं असतं आणि दिवेही लागलेले असतात, अशी वेळ आपल्याकडे जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं टिकते. तेवढ्यात एकच ठिकाण होतं. शहागंजचं घड्याळ की गंजगोलाई, हे आधी ठरवा आणि मावळतीच्या अर्धा तास आधी जागेवर जा. पुढे आभाळ काळं पडतं, दिव्यांचे नुसते पांढरे गोळे उरतात.

## टप्पा ९: मुक्कामावर परतल्यावर

त्याच रात्री फोटो दोन ठिकाणी उतरवा, लॅपटॉपवर आणि हार्ड डिस्कवर. मग निवड करा. एका ठिकाणचे तीन फोटो ठेवा: पूर्ण वास्तू, एक तपशील, एक माणसासकट. उरलेले लगेच पुसू नका, आठवड्याने पुन्हा बघा.

दुरुस्तीचा क्रम असा: आधी क्षितिज सरळ, मग उभ्या रेषा, मग कापणं, मग उजेड, शेवटी रंग. रंग आधी वाढवला की पुढचं सगळं बिघडतं. मराठवाड्याचा दगड काळा-तपकिरी आहे, त्याला नारिंगी करू नका. आभाळ बदलून देणारी साधनं वास्तूच्या फोटोवर वापरू नका, कारण सावल्यांची दिशा आणि नवं आभाळ जुळत नाही आणि जाणकाराला ते एका नजरेत दिसतं.

प्रत्येक फोटोला नाव द्या: गाव, वास्तू, बाजू, महिना, वेळ. 'निलंगा, नीलकंठेश्वर, दक्षिण भिंत, डिसेंबर, स. ९.१५'. यासाठी प्रत्येक ठिकाणी आत शिरताना माहितीच्या पाटीचा एक फोटो काढत चला. पुढच्या वेळी तिथे कधी जायचं, हे याच नोंदी सांगतात. कार्ड पुसायचं ते दोन्ही प्रती उघडून, मधले चार-पाच फोटो पूर्ण उघडतात हे बघितल्यावरच.